आठवा कॉलम की मोडल भाव? आर मध्ये कॉलम निवडताना

2024 च्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. सोयाबीनचा हंगाम, इंदूरला छावणीच्या मंडीत ट्रॉल्यांची रांग, आणि ह्यांचे काका, जे तिथे अडत करतात, त्यांचा दर सोमवारी सकाळी ठरलेला फोन: "सूनबाई, तुझा तो आलेख पाठव." आलेख म्हणजे मागच्या आठवड्याचे सोयाबीनचे भाव, एका पानावर. मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली, आता रामबागेतल्या घरी चार-पाच मुलांची शिकवणी घेते. काकांचा आलेख हा माझा हौसेचा उद्योग. भावांची फाइल एका ठिकाणाहून तयार येते, मी ती आर मध्ये, म्हणजे आकडेवारीच्या कामाच्या संगणकीय भाषेत, उघडते, हवे ते कॉलम काढते, रेघ ओढते, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. दहा मिनिटांचं काम.

त्या सोमवारी आलेख गेला आणि पाच मिनिटांत फोन परत वाजला.

"सूनबाई, हा भाव कोणत्या मंडीत मिळतोय? मला पण घेऊन चल तिथे."

त्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि मंडीतला भाव त्याच्या बराच खाली चालला होता. माझ्या आलेखात मात्र तो हमीभावाला टेकायला निघाला होता. काका म्हणाले, "हा एक नंबरच्या, खडखडीत वाळलेल्या मालाचा भाव आहे. असा माल दिवसात एखादी ट्रॉली. बाकी सगळा ओलसर." त्यांनी आकडा नुसता बघून चूक ओळखली. मी कोड बघून ओळखायला अर्धा तास घेतला.

झालं असं होतं. फाइलमध्ये आठ कॉलम असायचे: तारीख, मंडी, जिन्स, वाण, आवक, किमान भाव, कमाल भाव, मोडल भाव. मोडल म्हणजे ज्या भावाला सगळ्यात जास्त माल विकला गेला तो. महाराष्ट्रातल्या बाजार समित्या त्याला सर्वसाधारण दर म्हणतात, आम्ही इंदूरवाले मोडलच म्हणतो. मला तोच हवा असायचा. अख्ख्या तक्त्यालाही मी मंडी असंच नाव दिलंय, आणि माझ्या कोडमध्ये लिहिलेलं होतं:

मंडी[, 8]

फाइल बनवणाऱ्याने त्या आठवड्यात तारखेनंतर "जिल्हा" असा एक नवा कॉलम घुसवला. सगळे एकेक घर पुढे सरकले. आठव्या घरात आता कमाल भाव बसला होता. आर ने हूं की चूं केलं नाही. का करावं? मी आठवा मागितला, त्याने आठवा दिला. पंगतीत वाढप्याला "आठव्या पानावर मठ्ठा नको" असं सांगून ठेवावं, मधे एक पाहुणा येऊन बसावा आणि ज्यांना मठ्ठा आवडतो त्यांचीच वाटी कोरडी राहावी, तसला प्रकार.

त्या दिवसापासून शिकवणीत पहिल्याच तासाला मी हे सांगते, की कॉलमला त्याच्या नावाने हाक मारा, जागेने नाही. आणि नावाने हाक मारण्याच्या पद्धती आर मध्ये इतक्या आहेत की तिथेही पोरं पडतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कोड सगळा देवनागरीत आहे, म्हणजे मी भाचीला फोनवर सांगते तसा. की-बोर्डावर आज्ञा अर्थातच रोमन लिपीत जातात, "सिलेक्ट", "नेम्स", "सबसेट" हे इंग्रजी शब्द जसे ऐकू येतात तसेच. कंस, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं मात्र इथे आहेत तशीच टाका, कारण घोळ नेमका तिथे होतो.

फाइल उघडली की आधी नावं बघा:

नेम्स(मंडी)

आकडे नंतर. इथेच पहिला धक्का बसतो. फाइलमध्ये मथळा होता "मोडल भाव (रु./क्विंटल)" आणि आर मध्ये दिसतोय "मोडल.भाव..रु..क्विंटल."! फाइल वाचणारी रीड.सीएसव्ही ही आज्ञा मथळ्यातल्या मोकळ्या जागा, कंस, तिरक्या रेघा काढून तिथे टिंबं ठोकते. हे नको असेल तर आज्ञेतच चेक.नेम्स = फॉल्स असं लिहा. मग मथळे जसेच्या तसे येतात, पण मधे जागा असलेलं नाव वापरताना दर वेळी त्याला उलट्या टिचकीत, म्हणजे की-बोर्डावर एकच्या डावीकडे असते त्या खुणेत, गुंडाळावं लागतं. कंटाळवाणं आहे. त्यापेक्षा एकदाच नावं सुटसुटीत करून घ्यावी.

पण ती करताना माझ्या एका विद्यार्थ्याने काय केलं बघा:

नेम्स(मंडी) <- सी("तारीख", "मंडी", "जिन्स", "वाण", "आवक", "किमान_भाव", "कमाल_भाव", "मोडल_भाव")

दिसायला देखणं. पण हे पुन्हा जागेवरून नाव देणं झालं! दोन कॉलमांची उद्या अदलाबदल झाली तर कमाल भावाच्या गळ्यात मोडल भावाची पाटी, आणि पुढचा सगळा कोड "नावाने" चालतोय म्हणून आपण निर्धास्त. माझ्या आठ नंबरापेक्षा ही चूक वाईट, कारण ती दिसतच नाही. नाव बदलायचं तर जुनं नाव सांगून बदलावं. डीप्लायर मध्ये रिनेम, डेटा.टेबल मध्ये सेटनेम्स (डीप्लायर आणि डेटा.टेबल ही आर ला जोडायची पॅकेजं, म्हणजे तयार आज्ञांचे संच). दोन्हींना जुनं आणि नवं दोन्ही द्या, म्हणजे जुनं सापडलं नाही तर ती अडून बसतात. अडून बसणारी आज्ञा ही चांगली आज्ञा.

आता कॉलम काढणं. साध्या डेटा.फ्रेम मधून, म्हणजे आर च्या नेहमीच्या तक्त्यातून, एक कॉलम काढायचे चार प्रकार रोज दिसतात:

मंडी["मोडल_भाव"]
मंडी[["मोडल_भाव"]]
मंडी$मोडल_भाव
मंडी[, "मोडल_भाव"]

भाची विचारते, "मावशी, चारही चालतात ना? मग कुठलंही लिहिलं तर काय बिघडलं?" बिघडतं. पहिल्यात पोत्यासकट माल येतो, म्हणजे एकाच कॉलमचा का होईना पण तक्ता हातात येतो. दुसऱ्यात पोतं उसवून नुसते दाणे, म्हणजे आकड्यांची सलग ओळ, जिला आर मध्ये व्हेक्टर म्हणतात. सरासरी काढणाऱ्या मीन ला दाणे लागतात. तिला पोतं दिलंत तर ती कुरकुर करून एनए, म्हणजे "आकडा उपलब्ध नाही", परत देते. नवशिक्यांचा पहिला आठवडा यातच जातो.

तिसरा, डॉलरवाला, लिहायला सोपा म्हणून सगळ्यांचा लाडका. माझा नाही. त्याला एक खोड आहे. नाव अर्धवट लिहिलं तरी तो अंदाजाने पूर्ण करून घेतो. मंडी$मोड लिहा, "मोड" ने सुरू होणारा एकच कॉलम असेल तर तो मुकाट्याने मोडल_भाव आणून देतो. मदतीसारखं वाटतं. पण उद्या फाइलमध्ये "मोडल_भाव_मागील" असा आणखी एक कॉलम आला की त्याला दोघांतला कोण ते कळत नाही, आणि मग तो चूक दाखवत नाही, नल देतो. नल म्हणजे काहीच नाही. अख्खं नाव चुकीचं लिहिलंत तरी हेच.

आणि "काहीच नाही" ची बेरीज किती? करून बघा:

सम(मंडी$आवाक)

"आवक" ऐवजी "आवाक" पडलंय. उत्तर येतं 0. लाल अक्षरं नाहीत, इशारा नाही. मंडीत ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला आणि तुमच्या कागदावर आवक शून्य. शून्य दिसलं तर निदान शंका येते. पण हेच शून्य दुसऱ्या कुठल्या आकड्यात मिळवलं गेलं असेल तर कोणाला पत्ता लागणार? दुहेरी कंसाला अर्धवट नाव चालत नाही ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, पण साध्या डेटा.फ्रेम मध्ये नसलेल्या नावाला तोही नलच देतो. एकेरी कंस मात्र सरळ सांगतो की असा कॉलम नाही, आणि थांबतो. टिबल नावाचा जो नव्या वळणाचा तक्ता आहे त्यात डॉलर अंदाज बांधत नाही, आणि नाव नसेल तर निदान इशारा तरी देतो.

चौथा प्रकार, स्वल्पविरामवाला. यावर जरा थांबते, कारण चांगली तयार झालेली मुलंसुद्धा इथे घसरतात. चौकटी कंसात स्वल्पविरामाच्या आधी ओळी, नंतर कॉलम. आधीची जागा रिकामी म्हणजे सगळ्या ओळी. एवढं पाठ असतं. पण दोन कॉलम मागितले तर तक्ता येतो आणि एकच मागितला तर पोतं आपोआप उसवून दाणे येतात. समजा तुम्ही लिहिलंत:

हवे <- सी("किमान_भाव", "मोडल_भाव")
कॉलमीन्स(मंडी[, हवे])

दोन्हींच्या सरासऱ्या आल्या. छान. मग काका म्हणाले, किमान नको, फक्त मोडल दे. तुम्ही हवे मधून एक नाव खोडलंत, बाकी कशाला हात लावला नाही, आणि कॉलमीन्स ओरडायला लागली की मला निदान दोन मिती असलेलं काहीतरी द्या. कारण आता तिच्या हातात तक्ता नाही, दाणे पडलेत. उपाय दोन. स्वल्पविरामाशिवाय मंडी[हवे] लिहा, किंवा शेवटी ड्रॉप = फॉल्स जोडा:

मंडी[, हवे, ड्रॉप = फॉल्स]

मी पहिला वापरते. ओळीही निवडायच्या असतील तर दुसरा बरा पडतो.

जाता जाता, पायथन करून आलेल्यांसाठी: आर मध्ये मोजणी एकापासून होते, शून्यापासून नाही. मंडी[, 0] लिहिलंत तर चूक दाखवत नाही, एकही कॉलम नसलेला तक्ता देतो.

नको ते कॉलम काढून टाकणं ही निवडण्याचीच दुसरी बाजू. आकड्यांपुढे उणे लावता येतं, पण नावांपुढे नाही. मंडी[, -"वाण"] लिहिलं की आर म्हणतो, अक्षरांना उणे कसं लावू? मग लोक शोधाशोध करून हे आणतात:

मंडी[, -व्हिच(नेम्स(मंडी) == "वाण")]

हे चालतं. "वाण" नावाचा कॉलम फाइलमध्ये आहे तोवर चालतं. ज्या दिवशी तो नसेल त्या दिवशी काय होईल? तुम्हाला वाटेल, काढायचं काहीच नाही तर सगळे कॉलम राहतील. राहत नाहीत. व्हिच ला काही सापडत नाही, ती रिकामी ओळ देते, रिकाम्याचं उणे रिकामंच, आणि रिकामं मागितलं म्हणून आर एकही कॉलम देत नाही. अख्खा तक्ता साफ. हे मी वर्गात दर वर्षी करून दाखवते आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतं, "मॅडम, हा तर आर चा बग आहे." बग नाही, पण म्हणायचं तर म्हणा. सुरक्षित रस्ता हा:

मंडी[सेटडिफ(नेम्स(मंडी), "वाण")]

सगळी नावं वजा हे नाव. नसेल तर काही वजा होत नाही, बाकीचे शाबूत.

हॅडली विकम यांचं डीप्लायर 2014 मध्ये आलं आणि सिलेक्ट ही आज्ञा घरोघरी पोचली. तिचं कौतुक मलाही आहे, कारण ती वाचताना वाक्यासारखी वाटते:

सिलेक्ट(मंडी, तारीख, आवक, मोडल_भाव)

अवतरणं नकोत, डॉलर नको. एक कॉलम मागा की दहा, उत्तर तक्ताच. नको असलेल्यापुढे उणे लावा, सिलेक्ट(मंडी, -वाण), इथे ते चालतं. निवडतानाच नाव बदला: भाव = मोडल_भाव. अमक्यापासून तमक्यापर्यंत म्हणायचं तर मधे अपूर्णविराम, किमान_भाव:मोडल_भाव. हा शेवटचा सोपा वाटतो पण मला पटत नाही. दोन टोकांची नावं दिली तरी मधे कोण कोण येणार हे जागेवरच ठरतं. उद्या मधे नवा पाहुणा बसला तर तोही आला.

त्यापेक्षा नावातल्या खुणेवरून निवडा. एंड्स_विथ("_भाव") म्हणजे शेवटी "_भाव" असलेले सगळे, स्टार्ट्स_विथ सुरुवातीसाठी, कंटेन्स मधे कुठेही. वेअर(इज.न्यूमेरिक) ने आकडे असलेले तेवढे येतात. ते वापरून एकदा आवक कॉलम गळून पडला होता तेव्हा कळलं की फाइलमध्ये आवक "1,250" अशी स्वल्पविराम घालून लिहिली आहे आणि आर च्या लेखी ती अक्षरं आहेत. कॉलम काढताना माहितीची अशी परीक्षाही होऊन जाते.

नावांची यादी आधी केलेली असेल तर सिलेक्ट(मंडी, ऑल_ऑफ(हवे)) लिहा. ऑल_ऑफ म्हणजे सगळी हवीत, एकही नसेल तर थांब. एनी_ऑफ म्हणजे असतील ती दे, नसतील तर राहू दे. रोजच्या कामात ऑल_ऑफ. काढून टाकताना -एनी_ऑफ("वाण"), असेल तर काढ, नसेल तर वाद नको.

आणि सिलेक्ट अचानक "हे आर्ग्युमेंट मला नको" म्हणायला लागली तर घाबरू नका, बहुधा तुम्ही मास नावाचं पॅकेज नंतर उघडलं आहे. त्यातही सिलेक्ट नावाची आज्ञा आहे, ती वेगळंच काम करते, आणि शेवटी उघडलेल्याची चलती. डीप्लायर::सिलेक्ट असं आडनावासकट लिहा. एका मोठ्या सुट्टीत ह्याच प्रश्नाचे मला तीन वेगवेगळ्या मुलांचे फोन आले होते.

डेटा.टेबल वापरणारे थोडे वेगळ्या पंथाचे. मॅट डाऊल यांनी ते 2006 मध्ये आणलं, लाखो ओळींवर ते पळतं, आणि काकांच्या पाच वर्षांच्या भावांसाठी मी तेच वापरते. तिथे स्वल्पविरामानंतरची जागा म्हणजे कॉलमांची नुसती यादी नसते, तिथे आकडेमोडही होते. म्हणून:

मंडी[, मोडल_भाव] — दाणे
मंडी[, .(मोडल_भाव)] — पोतं

त्या कंसाआधीच्या टिंबावर सगळं आहे. फोनवर सांगताना ते टिंब हटकून निसटतं, म्हणून भाचीला मी "कुंकू लाव" म्हणते. यादी हवे मध्ये असेल तर मंडी[, हवे] चालत नाही, कारण डेटा.टेबल ला वाटतं की हवे हेच एखाद्या कॉलमचं नाव आहे. पुढे दोन टिंबं द्या, मंडी[, ..हवे], म्हणजे "तक्त्याच्या बाहेर जाऊन शोध". तुम्ही विसरलात तर हल्लीच्या आवृत्तीत चूक दाखवणाऱ्या संदेशातच ही दोन टिंबं सुचवलेली असतात, तो संदेश वाचायची मात्र सवय हवी. जुन्या कोडमध्ये याच कामासाठी विथ = फॉल्स दिसेल. खुणेवरून निवडायला .एसडी, म्हणजे तक्त्याचा निवडलेला भाग, आणि .एसडीकॉल्स, म्हणजे त्यात कोणते कॉलम हवेत ते:

मंडी[, .एसडी, .एसडीकॉल्स = पॅटर्न्स("_भाव$")]

तो शेवटचा डॉलर म्हणजे "नाव इथे संपतं" अशी खूण. कॉलम काढायच्या डॉलरशी त्याचा संबंध नाही.

एक धोक्याची जागा: मंडी[, वाण := नल] लिहिलं की कॉलम मूळ तक्त्यातूनच जातो. जुना <- मंडी करून ठेवलं होतं म्हणून निश्चिंत राहू नका, ती प्रत नाही, त्याच तक्त्याला दिलेलं दुसरं नाव आहे. दोन्हीकडून जातो. प्रत हवी असेल तर कॉपी(मंडी).

आणि मुळात नको ते कॉलम आणायचेच कशाला? फाइल मोठी असेल तर वाचतानाच निवडा:

एफरीड("भाव.सीएसव्ही", सिलेक्ट = सी("तारीख", "आवक", "मोडल भाव (रु./क्विंटल)"))

बाकीचे कॉलम मेमरीत शिरतच नाहीत. माझ्या जुन्या लॅपटॉपला याने फार मोठा दिलासा मिळाला. पण इथे नावं फाइलमधल्या मथळ्यांशी अक्षरशः जुळायला हवीत, सुटसुटीत केलेली नव्हेत, आणि एखादं नसेल तर एफरीड इशारा देऊन पुढे जातं. इशारे न वाचणाऱ्यांनी जपून.

आता काकांच्या आलेखाच्या कोडमध्ये फाइल वाचल्यावर लगेच या दोन ओळी असतात:

लागणार <- सी("तारीख", "मंडी", "आवक", "मोडल_भाव")
स्टॉपइफनॉट(ऑल(लागणार %इन% नेम्स(मंडी)))

लागणारी नावं सगळी हजर असतील तरच पुढे. मग मंडी[, ..लागणार] आणि रेघ. आठ नाही, नऊ नाही, एकही आकडा नाही.

मागे एका सोमवारी सकाळी हा कोड दुसऱ्या ओळीवर अडला. नेम्स बघितली तर कोणीतरी मथळ्यात "मोडल_भाव" च्या शेवटी एक मोकळी जागा सोडली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, आर ला दिसली. ती काढून आलेख जाईपर्यंत अर्धा तास उशीर झाला, आणि दरम्यान काकांचा फोन.

"काय गं, आज आलेख नाही?"

"काका, एका नावात गडबड आहे, मशीन अडून बसलंय."

"बरं," ते म्हणाले, "मग मी तोवर पोहे खाऊन येतो."